त्रेचाळिसावं नाव

“बंद म्हणू नये, अव्वा. वाढवलं म्हणावं.”

अठ्ठावीस वर्षं उलटली त्या आवाजाला. जळकोटच्या दूध केंद्रावर भुवनेश्वरीचा पहिलाच दिवस होता. सकाळचं दूध घालून माणसं पांगली होती, रिकाम्या कॅनवर माशा बसायला लागल्या होत्या, आणि वीस वर्षांच्या त्या मुलीनं भीत भीत विचारलं होतं, “अप्पा, केंद्र बंद करू का?” केंद्राचे कारकून शंकरप्पा लेकीला म्हणावं तसं तिला अव्वा म्हणायचे; त्यांनी वहीतून मान वर न काढता हे सांगितलं होतं. दिवा विझवायचा नसतो, वाढवायचा असतो. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान मिटत नाही, वाढतं. जे उद्या पुन्हा हवं आहे, त्याला संपलं म्हणून हाक मारायची नाही.

आणि आज धाराशिवच्या दूध संघाच्या कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर, तिच्यासमोरच्या काळ्या पडद्यावर एक पांढरी काडी लुकलुकत होती. वर इंग्रजीत एक ओळ होती. तिचा अर्थ सरळ होता: हे खातं कायमचं काढायचं आहे का? असेल तर खातेदाराचं नाव पुन्हा टाइप करा.

खातेदाराचं नाव होतं शंकरप्पा.

भुवनेश्वरीनं बोटं कळफलकावरून उचलली आणि मांडीवर ठेवली.

संघाचं कामकाज ढगात, म्हणजे क्लाऊडवर, गेलं त्याला सहा वर्षं झाली होती. सभासद, केंद्रं, टँकरच्या फेऱ्या, पशुखाद्याची मागणी, सगळं आता कुठल्या तरी मोठ्या कंपनीच्या यंत्रात राहत होतं आणि इथून फक्त बघायचं, भरायचं, मागवायचं. ढगात म्हणजे नेमकं कुठं, हे एकाही संचालकाला सांगता आलं नसतं. पहिल्या सभेत तर भूम तालुक्यातला एक म्हातारा सभासद उठून म्हणाला होता, “साहेब, आपल्या जिल्ह्यात ढगाचा भरवसा कुणी धरलाय का आजवर?” सगळी सभा हसली होती.

पण हा ढग टिकला. बाकीचे लोक त्यात रंगीत पडद्यावरून शिरायचे: चौकोन, चित्रं, बटणं. भूमकडं रेंज पातळ झाली की ती चित्रं अर्धी उमटायची आणि गोल गोल चकरी फिरत राहायची. भुवनेश्वरी मात्र दुसऱ्या वाटेनं जायची. कंपनीनं जाणत्यांसाठी ती वाट ठेवली होती. कमांड लाईन म्हणतात तिला. चित्र नाही, बटण नाही. काळा पडदा, त्यावर हुकूम लिहायचा आणि एंटर मारायचा. हुकूम बरोबर असला तर काम होतं, नाहीतर लाल ओळ येते. रेंज कितीही पातळ असो, चार अक्षरं जायला कितीशी रुंद वाट लागते? ती तिला काळी पाटी म्हणायची.

पहिल्यांदा ती काळी पाटी उघडली तेव्हा तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं होतं. अठ्ठ्याण्णव साली संघात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हाही पडदा असाच काळा होता. मधली वीस वर्षं रंगांत गेली आणि शेवटी माहेरची वाट सापडावी तसा तो काळा पडदा परत भेटला. हुकुमांची चाल तिला चटकन कळली, कारण ती तिच्या आईच्या जात्यावर ऐकलेली होती. आई पहाटे दळायची आणि म्हणायची,

“हाक मारीते मी बंधूला, उभी ऱ्हाऊन वेशीपाशी
उतरू लाग रे कळशी, दूध डुचमळं काठाशी”

आधी हाक, मग मागणं, मग ज्याच्यासाठी मागणं ते. हुकुमाचंही तसंच. आधी यंत्राला हाक, मग दाखव की काढ की बदल, मग कुणाचं ते. एवढी चाल सांभाळली की ढग ऐकतो.

आजचं काम तसं सोपं होतं. पुण्याच्या तपासणी करणाऱ्यांकडून यादी आली होती. संघ सोडून गेलेले, निवृत्त झालेले, वारलेले, अशा त्रेचाळीस माणसांची खाती अजून ढगात जिवंत होती. ती संध्याकाळी पाचच्या आत काढायची. सकाळी दहाला ती बसली आणि अकरापर्यंत बेचाळीस नावं गेली. प्रत्येक नावाशी ती क्षणभर थांबली. हा टँकरवरचा, शिट्टी फार सुरेख वाजवायचा. ही लॅबमधली, सासरी हैदराबादला गेली. हा गेला बिचारा, तुळजापूरच्या घाटात. एकेकाचं नाव दोनदा लिहायचं आणि निरोप द्यायचा.

त्रेचाळिसाव्या नावापाशी तिला हसू आलं होतं. कारण सगळ्यांच्या खात्याची मुदत केव्हाच सरली होती. एकट्या शंकरप्पांच्या खात्यापुढं मुदत लिहिली होती, ३१ डिसेंबर २०९९. म्हणजे अप्पा एकशे चाळीस वर्षांचे होईपर्यंत.

ही करामत सचिवांची. सचिव महारुद्र साहेब जुन्या वळणाचे, तेही ‘बंद करा’ असं म्हणत नसत. अप्पा निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी पुण्याच्या कंपनीत कृष्णराज नावाच्या इंजिनिअरला फोन लावून सांगितलं, “आमच्या जळकोटच्या शंकरप्पांचं खातं तेवढं वाढवा.” तो शहरात वाढलेला माणूस. त्यानं अदबीनं विचारलं, “किती वाढवू सर?” साहेबांना राग आला. “किती म्हणजे? पूर्ण वाढवा!” त्यानं पूर्ण वाढवलं. यंत्र जेवढी तारीख घेईल तेवढी. भुवनेश्वरीनं आठवडाभरानं ते पाहिलं, पोट धरून हसली, आणि राहू दिलं. निवृत्तीनंतर ते नुसतं बघता येणारं खातं उरलं होतं, त्यात बदल काही करता येत नव्हता. राहिलं तर कुणाचं काय जातंय? अप्पा थोडेच तिकडं फिरकणार होते. केंद्रावर असतानाही त्यांच्या नावानं दुसराच कुणीतरी टिपायचा आणि अप्पा म्हणायचे, “मला त्या खोक्यातलं काय कळतंय!”

आज हुकूम दिल्यावर, नाव पुन्हा लिहिण्याआधी, रिवाज म्हणून तिनं दुसऱ्या खिडकीत त्या खात्याची माहिती मागवली आणि तिचे डोळे एका ओळीवर थबकले.

शेवटचा प्रवेश: आज, पहाटे ५ वाजून १२ मिनिटं.

आधी तिला वाटलं, चोर शिरला. अप्पांच्या नावानं कुणीतरी घुसतंय. तिनं त्या खात्याची नोंदवही मागवली. यंत्र कुणाचीही चाल विसरत नाही. कुणी कधी काय लिहिलं, ते सगळं ओळीनं ठेवतं. पाच वर्षांच्या ओळी सरसर उलगडल्या आणि ती सुरुवातीपासून वाचायला लागली.

ऑक्टोबर २०१९. पहिल्या दिवशी अकरा ओळी, अकराही लाल. हुकूम ओळखीचा नाही. हुकूम ओळखीचा नाही. दोन शब्दांत जागाच सोडलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी नऊ लाल. चौथ्या दिवशी जागा सुटली, पण आकडे मराठी. आठव्या दिवशी पहिली ओळ लागली: जळकोट केंद्र, आजची यादी. त्या दिवशी त्यानं तोच हुकूम सहा वेळा दिला होता. सहाही वेळा बरोबर. जणू मूल पहिलं पाऊल टाकतं आणि पुन्हा मागं जाऊन तेच टाकतं.

मग महिनाभर एक वेगळीच चूक. सभासद शोधायचा हुकूम बरोबर, पण नाव सापडत नाही. तिनं नाव दोनदा वाचलं. श्री गुरुसिद्धप्पा. सापडले नाही. श्रीमती चन्नम्मा. सापडल्या नाहीत. वडीलधाऱ्याचं नाव मोकळं लिहायला त्याचा हात धजत नव्हता आणि ढगाला श्री म्हणजे काय ते कळत नव्हतं. महिनाभर तो ‘श्री’ लावत राहिला आणि यंत्र ‘नाही’ म्हणत राहिलं.

चोर नव्हता. चोर कशाला कुणाला श्री लावेल?

लाल ओळी हळूहळू विरळ झाल्या. दुसऱ्या वर्षी आठवड्याला चार. तिसऱ्या वर्षी महिन्याला एक. गेल्या दीड वर्षात एकही नाही. रोज पहाटे पाचच्या पुढं शंकरप्पा येत होते, जळकोटला आज कुणी कुणी दूध घातलं ती यादी बघत होते, दोन-चार सभासदांची विचारपूस करावी तशी त्यांची पानं उघडत होते, आणि जाताना न विसरता बाहेर पडण्याचा हुकूम देऊन जात होते. संघातली शिकलेली माणसंसुद्धा तो देत नाहीत, खिडकी तशीच सोडून जातात.

तिला आठवलं, निवृत्तीच्या दिवशी अप्पांनी केंद्राच्या भिंतीकडं बोट दाखवून विचारलं होतं, “हा तुझा कागद नेऊ का?” रेंज पातळ असेल तेव्हा कामाला यावेत म्हणून तिनं बारा हुकूम तिच्या अक्षरात लिहून प्रत्येक केंद्रावर चिकटवले होते. “न्या की,” ती म्हणाली होती. “पण त्याचं करताय काय, अप्पा?” “काय न्हाय,” ते म्हणाले होते. “अक्षर चांगलंय.”

भुवनेश्वरीनं पडद्यावरचा तो प्रश्न तसाच अर्धा सोडला, काळी पाटी मिटली आणि सचिवांच्या खोलीत गेली.

“साहेब, एक खातं ठेवता येईल का?”

महारुद्र साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. “कुणाचं?”

“शंकरप्पांचं.”

“त्या दोन हजार नव्व्याण्णववाल्याचं?” साहेबांना स्वतःचीच करामत आठवून हसू फुटलं. “अहो बाई, ते तर पहिलं काढा. पुण्यावाले मला फाडून खातील.”

तिनं सगळं सांगितलं. लाल ओळी, श्री, पहाटेची वेळ. साहेब ऐकता ऐकता खिडकीबाहेर बघायला लागले.

“कमाल आहे. आमच्यापुढं म्हणायचे, खोक्यातलं काय कळतंय.” मग तिच्याकडं वळून म्हणाले, “बघा, ठेवायचं तर एक तरतूद आहे. संघासाठी विशेष काही केलेला माणूस असेल तर मानाचं म्हणून खातं ठेवता येतं. तुम्ही कारण लिहून द्या. आता त्यांचं कारण काय मी सांगायला पाहिजे? सबंध संघाला ठाऊक आहे. स्वतःची जागा सोडली त्यांनी तुमच्यासाठी. तेच लिहा. मी सही करतो. सभेत ठराव घेऊ, शाल-श्रीफळ देऊ. पण पाचच्या आत पाहिजे. आणि त्यांना विचारून घ्या हो, मानी माणूस आहे.”

फोन अप्पा उचलत नसत. भुवनेश्वरीनं लॅपटॉप पिशवीत घातला आणि उमरग्याची गाडी पकडली.

तुळजापूर मागं पडलं, नळदुर्ग मागं पडलं. खिडकीतून रबीची ज्वारी काढून मोकळी झालेली रानं पळत होती. सव्वीस वर्षांपूर्वी ती याच रस्त्यानं उलट्या दिशेला गेली होती, मांडीवर पत्र्याची ट्रंक घेऊन. वडील नव्हते. केंद्रावर रोजंदारीनं दुधाची फॅट तपासायची, एवढाच आधार. मग संघात कॉम्प्युटर आला. एकच जागा होती, आणि तीत जळकोटचा वडीलधारा कारकून म्हणून शंकरप्पांचं नाव लागलं. ते धाराशिवला गेले. चार दिवसांचं शिकवणं होतं. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी परत आले. केंद्रावर येऊन म्हणाले, “म्हशी कोण बघंल? आईची तब्येत बरी न्हाय. अव्वा, तू जा. तू टायपिंग पास हायस. म्या साहेबाला सांगून आलोय.”

त्या एका वाक्यावर तिचं आयुष्य उभं राहिलं. नोकरी, धाराशिवचं घर, गौरीशंकर मास्तरांशी लग्न, आता इंजिनिअरिंगला असलेली लेक शिवप्रिया. दर बसव जयंतीला ती उपरणं घेऊन जळकोटला जायची आणि अप्पांच्या पाया पडायची. अप्पा उपरणं घ्यायचे, पण तिच्याकडं बघायचे नाहीत. पायही आखडून घ्यायचे. मोठ्या माणसाला मान सोसत नाही, असं ती घरी येऊन सांगायची.

आणि आज तिला वाटत होतं, माणसानं जागा सोडली, पण जीव तिथंच ठेवला. वीस वर्षं कुणाला कळू दिलं नाही, आणि म्हातारपणी चोरून बसला शिकायला. जळकोट आलं तेव्हा दोन वाजले होते.

“यव्वा! बा, बा, आत ये!” अप्पांच्या बायको लक्ष्मम्मा दारातच शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला सारलं. “बसव जयंती अजून लांब हाय की गं. वाट चुकलीस का?”

“काकू, अप्पा हायत का?”

“जातील कुठं? परसात हायत. बस, मी तुला माझी सवत दाखवते.”

“काय दाखवता?”

“सवत!” लक्ष्मम्मांनी आतल्या खोलीकडं हनुवटी केली. चौरंगावर एक जुना लॅपटॉप होता, त्यावर धुऊन घडी घातलेलं फडकं. “लेकानं, मल्लेशनं, हैदराबादला नवा घेतला, जुना हितं टाकून गेला. तवापासून हे माणूस पहाटं उठतंय, आंघोळ करतंय, लिंगपूजा करतंय, आन् तिच्यापुढं मांडी घालून बसतंय. च्या नेऊन दिला तर गार हुतो. मी म्हणले, तिला एवढं न्याहाळताय, कधी मधी माझ्याकडं बी बघा की ओ.”

“तुज्याकडं बघून चाळीस वर्षं झाली,” मागून शंकरप्पांचा आवाज आला. “आता काय नवीन दिसणार हाय?”

“ऐकलंस? आन् तिच्यात रोज नवीन दिसतंय!”

शंकरप्पा आत आले. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात बंडी, हात ओले. भुवनेश्वरीला बघून हसले. पण तिची नजर चौरंगावर आहे हे लक्षात येताच त्यांनी तिकडं पाठ केली.

“ते व्हय... नातवाचे फोटो बघत असतो.”

“अप्पा,” ती म्हणाली, “मी सगळी वही वाचली. पाच वर्षांची.”

अप्पा खांद्यावरच्या पंच्याला हात पुसत राहिले, हात कोरडे झाले तरी पुसत राहिले.

“श्री गुरुसिद्धप्पा,” ती हळूच म्हणाली आणि हसली.

तेव्हा त्यांचाही चेहरा जरा सुटला. “मग काय करावं? त्यांच्या हाताखाली वाढलो आमी. मोठ्या माणसाचं नाव मोकळं घ्यायला जीभ धजत न्हाय, तर बोट कसं धजंल? एक महिना ते काळं खोकं म्हणतंय, असा माणूसच न्हाय. मला लई राग यायचा. अरे, अख्ख्या गावाला म्हाईत माणूस, आन् तू न्हाय म्हणतोस?”

“पण शिकलात.”

“तुज्या कागदावर बघून.”

“दीड वर्षात एक चूक न्हाय, अप्पा. माझ्या होत्यात.”

हे ऐकताना त्यांच्या डोळ्यांत जे चमकलं, ते तिनं त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. नातवंडाला बक्षीस मिळाल्यावर दिसतं तसं, पण चोरटं. ते पाहिलं आणि पुढचं सांगणं तिला जड झालं. तरी सांगितलं. यादी आलीय, त्रेचाळीस नावं, पाच वाजायची मुदत.

“मग पूस की,” अप्पा म्हणाले. अगदी सपाट आवाजात.

शेंगा फोडायचा आवाज थांबला. “आन् मग पहाटं काय करायचं ह्या माणसानं?” लक्ष्मम्मा म्हणाल्या. आता त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. “मला सांगत बसतंय अव्वा, आज अमक्याचं दूध आलं, तमक्याची म्हैस आटली वाटतं, दोन दिवस नाव न्हाय. मग सकाळी जाऊन त्येंच्या दारात विचारून येतंय. निवृत्त झालं तरी केंद्र सुटलं न्हाय.”

“सुटणार न्हाय, काकू,” भुवनेश्वरी म्हणाली. “त्याचसाठी आलीय मी.” तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला, मांडीवर उघडला. “साहेबांनी वाट सांगितलीय. मानाचं खातं. अप्पा, गाडीत बसून मी कारण लिहून काढलंय. तुम्ही हो म्हणा, लगेच पाठवते, खातं ऱ्हातंय. वाचू?”

कुणी नको म्हटलं नाही, म्हणून तिनं वाचायला घेतलं. पत्र पुस्तकी भाषेत होतं.

“‘जळकोट केंद्राचे निवृत्त कारकून श्री. शंकरप्पा यांनी सन १९९८ मध्ये संगणक चालकाच्या पदावर स्वतःची निवड झालेली असताना, एका गरीब व निराधार मुलीस ती जागा मिळावी म्हणून, स्वतःच्या प्रगतीचा विचार न करता त्या पदाचा त्याग केला. आज संघाचे सर्व कामकाज...’”

“थांब.”

ती थांबली.

“ते मागचं वाच. काय केला?”

“त्याग केला.”

“कुणी सांगितलं तुला?”

“आता हे काय अप्पा! सगळ्यांना ठाऊक हाय की. साहेबांनीच सांगितलं लिही म्हणून. अख्खा संघ म्हणतो. काकू म्हणत्यात.”

“म्हणतेच की,” लक्ष्मम्मा म्हणाल्या. “खोटं हाय का?”

शंकरप्पांनी बायकोकडं पाहिलं, मग बाहेर रस्त्याकडं.

“हे पत्र दिलं न्हाय तर?”

“तर खातं जाईल. दुसरं कारण चालत न्हाय.”

“हं.”

ते तिच्यासमोर खाली बसले. मांडी घातली. हात पुढं केला. “आण हिकडं.”

तिला वाटलं, त्यांना पत्र स्वतः वाचायचं आहे. तिनं लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवला. अप्पांनी पत्राची खिडकी बाजूला केली आणि काळी पाटी उघडली. तिच्या खात्यातून, जिथून सगळं काढता येतं तिथून.

मग ते लिहायला लागले. दोनच बोटं, पण एकेक कळ अशी ठाम पडत होती, जशी पूर्वी वहीत लिहिताना टाकाची निब पडायची. आधी हाक. मग मागणं. ‘दाखव’ नव्हतं, ‘काढ’ होतं. तिच्या कागदावरचा अकरावा हुकूम. त्यांना कधी वापरता आला नव्हता, तरी पाठ होता. मग एक जागा सोडली. मग नाव. श्री नाही, अप्पा नाही. स्वतःचं मोकळं नाव.

“अप्पा,” ती म्हणाली. पण हात पुढं करावा असं तिला वाटेना. त्यांच्या बोटांवरून तिची नजर हलत नव्हती.

यंत्रानं विचारलं, खात्री आहे का? असेल तर नाव पुन्हा लिहा.

शंकरप्पांनी पुन्हा लिहिलं. एकही अक्षर खोडलं नाही. करंगळीच्या बाजूनं एंटर दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग हिरवी ओळ आली.

खाते काढण्यात आले.

“हे काय केलंत, अप्पा?” भुवनेश्वरीला रडू फुटलं. “एवढी पाच वर्षं... एका कागदानं ऱ्हात हुतं की ओ! का असं केलं?”

शंकरप्पा त्या हिरव्या ओळीकडं बघत होते. लक्ष्मम्मा उठून उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या, हातात शेंगेचं टरफल तसंच.

“धाराशिवला मला पाच जणांपुढं बशिवलं हुतं,” ते म्हणाले. “दुसऱ्या दिवशी. असाच काळा पडदा. साहेब म्हणले, जास्त काय न्हाय, तुमचं नाव लिहून दाखवा. नुसतं नाव, अव्वा. माझं मला. आन् बोटं उठंनात. अक्षरं समोर, नाव तोंडात, हात जणू दुसऱ्याचा. मागं कुणीतरी हसलं. का हसलंच न्हाय, मला वाटलं. पाणी पिऊन येतो म्हणलो, आन् मागच्या दारानं थेट स्टँडवर.”

“अहो,” लक्ष्मम्मा म्हणाल्या. “आन् अत्तींची तब्येत?”

“आईला काय झालं नव्हतं. तुला बी खोटंच सांगितलं.” त्यांनी मान वर केली नाही. “येताना गाडीत इचार केला, गावात काय सांगावं? मग ही पोरगी आठवली. म्हणलं, हिचं नाव सांगू. हिचं बरं हुईल, आपली लाज झाकंल. आन् गाव मला मोठा म्हणाया लागलं. साहेब म्हणाया लागला. मग खरं सांगाया जागाच ऱ्हाइली न्हाय. दर साली तू येतीस, पाया पडतीस, आन् मला वाटतंय जमिनीत जावं.”

भुवनेश्वरीनं डोळे पुसले. काही बोलायला तोंड उघडलं, पण शंकरप्पांनी हात वर करून तिला थांबवलं. आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं.

“कागदावर लिहिशील तर हे लिही. शंकरप्पानं जागा सोडली न्हाय. शंकरप्पा पळून आला हुता.”